खिडकीतला स्टीलचा कप

सेमिस्टरला ‘स्मृतिचित्रे’ होतं आणि नेमकं त्याच आठवड्यात आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. म्हणजे काही दिवस तिचा पेपर बंद, टीव्ही बंद आणि दिवसभर कटकट चालू. शेवटी मी आयडिया केली. सकाळी पनवेल-सीएसएमटी लोकलमध्ये जेवढं वाचून व्हायचं, तेवढंच रात्री तिला मोठ्यानं वाचून दाखवायला लागले.

‘कुणाचं गं पुस्तक?’
‘लक्ष्मीबाई टिळकांचं.’
‘लोकमान्यांच्या बायको?’
‘नाही गं आजी. रेव्हरंड टिळक, कवी होते ना, त्यांच्या.’
‘म्हणजे ती बाटलेली?’

आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्या तोंडी हाच शब्द येणार हे मला माहीत होतं. मी काही बोलले नाही, वाचत राहिले.

ज्यांनी हे पुस्तक हातात घेतलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. वडील कमालीचे सोवळे. शाळेत कधी गेल्या नाहीत, लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. नवरा नारायण वामन टिळक, हुशार, कवी आणि तितकाच लहरी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचं घर एका दिवसात मोडलं. मुलाला घेऊन त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे परतल्या, पण अटीवर. तो त्याच्या धर्मात, ह्या आपल्या सोवळ्यात. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं.

एका घरात दोन माठ! आजीला हे फार आवडलं. ‘बरोबर केलं तिनं,’ म्हणाली.

देव कुठे भेटला?

मला वाटलं होतं, आता पुढे कुणीतरी मोठं प्रवचन देईल आणि बाई बदलतील. तसं काहीच होत नाही. त्या एकट्याच विचार करत बसतात. जात देवानं केली की माणसानं? देवानं केली असती तर प्राण्यांमध्ये दिसतो तसा फरक माणसामाणसांतही दिसला असता की. जन्मणं, मरणं, भूक लागणं सगळ्यांचं सारखंच. मग त्या ठरवतात की आजपासून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. म्हणजे आधी माठ एक झाला, मग धर्म.

पुढेही तेच. ख्रिस्ती धर्म त्यांना पुस्तकातून कमी आणि घरकामातून जास्त कळत गेला. दुष्काळात पोरकी झालेली मुलं घरात आली, त्यांना आपली म्हणून वाढवताना. प्लेगमध्ये आजारी मुलींची शुश्रूषा करताना. नवऱ्याशी कडाकडा भांडून पुन्हा त्यालाच जेवायला वाढताना. त्या कुठेही ‘यातून मी क्षमा शिकले’ असं लिहीत नाहीत. गोष्ट सांगतात, स्वतःवर हसतात आणि पुढे जातात.

टिळकही उतारवयात थांबले नाहीत. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशीत होत्या. त्यानंतर त्या कराचीला राहून आल्या. टिळकांचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी पुरं केलं. आणि ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग छापून आला १९३४ साली. २४ फेब्रुवारी १९३६ला त्या वारल्या.

हिशेब करून बघा. ज्या वयात आपण आजी-आजोबांना ‘आता तुम्ही आराम करा’ म्हणतो, त्या वयात ह्या बाई आपलं अख्खं आयुष्य समोर मांडून बघत होत्या, की देव आपल्याला नेमका कुठे कुठे भेटला.

विहिरीवरची बाई

माठाचा भाग वाचला त्या रात्री आजी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गातल्या वसईच्या मैत्रिणीला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘आजीला विहिरीवरच्या बाईची गोष्ट सांग.’ बायबलमध्ये, योहानाच्या शुभवर्तमानात ती आहे. येशू प्रवासानं दमून एका विहिरीपाशी बसतो. पाणी भरायला एक शोमरोनी बाई येते. यहुदी लोक शोमरोनी लोकांशी कसलाच संबंध ठेवत नसत. येशू तिच्याकडेच प्यायला पाणी मागतो. ती चकितच होते, तुम्ही माझ्या हातचं पिणार?

मी ती तशीच सांगितली. आजी म्हणाली, ‘तहान लागल्यावर कोण विचारतंय?’ आणि थोड्या वेळानं, ‘पण आपल्याला तहान लागतेच कुठे.’

आता खरं सांगायचं ते सांगते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक स्टीलचा कप असतो. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा. त्या आमची सगळी भांडी घासतात आणि चहा मात्र त्या वेगळ्या कपातून पितात. मी लहानपणापासून तो कप तिथेच बघत आलेय. मागच्या वर्षी मी जातिव्यवस्थेवर असाइनमेंट लिहिलं, मार्कही चांगले पडले. ते लिहिलं त्याच टेबलावरून खिडकीतला कप दिसत होता. मला तो एकदाही खटकला नाही.

डोळ्यावरचा हिरवा पडदा निघाल्यावर आजीनं एका सकाळी आमच्या फुलाफुलांच्या कपात मावशींना चहा दिला. मावशींनी कपाकडे बघितलं, आजीकडे बघितलं. म्हणाल्या, ‘आजी, मला आपला स्टीलचाच द्या. यात दोन घोटसुद्धा मावत नाहीत.’

आजीला काय बोलावं सुचेना. मग तिनं खिडकीतला कप धुतला, त्यात मावशींना चहा दिला आणि त्यांचा पिऊन झाल्यावर तो आत, मांडणीवर आमच्या कपांच्या रांगेत ठेवला. दुपारी स्वतः त्यातच चहा घेतला. ‘खरंच जास्त मावतो गं,’ म्हणाली.

आजी ख्रिस्ती झालेली नाही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावते, हरिपाठ म्हणते. लक्ष्मीबाईंना मात्र ती आता ‘बाटलेली’ म्हणत नाही. ‘आपल्या लक्ष्मीबाई’ म्हणते. पुस्तकाचा चौथा भाग अजून वाचायचा राहिलाय. परीक्षा संपली म्हणून मी टाळाटाळ करतेय, तर ती रोज रात्री विचारते, ‘कराचीला पोचल्या का गं त्या?’