एंजिनाचा निःश्वास

जबलपूरचे नाव निघताच भेडाघाटचे संगमरवरी खडक आणि धुवांधारचा प्रपात डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु या नगरीची आणखीही एक ओळख आहे. १९०४ साली स्थापन झालेल्या येथील तोफगाडी कारखान्यात, जर्मनीच्या ‘मॅन’ कंपनीशी झालेल्या करारान्वये, १९५९ मध्ये ‘शक्तिमान’ ही लष्करी मालमोटार तयार होऊ लागली. पुढे १९६९ मध्ये लष्करी वाहनांसाठी येथे स्वतंत्र कारखाना उभा राहिला. चढणीवर ओझे वाहणाऱ्या अशा डिझेल वाहनांचे आयुष्य पुष्कळदा एका साध्या नळीवर अवलंबून असते.

डिझेल एंजिनात हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळा ते वीस पट दाबली जाते. त्यामुळे ती इतकी तापते की तीत उडालेले इंधन ठिणगीवाचून पेटते. हा प्रचंड दाब पिस्टनभोवतालच्या रिंगांनी अडवून धरावयाचा असतो. परंतु कितीही उत्तम रिंग असली, तरी थोडासा वायू तिच्या फटींतून निसटून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे वंगणाच्या तेलाच्या पेटीत, उतरतोच. रिंगा आणि सिलिंडर झिजले की हे प्रमाण वाढते.

या वायूस वाट मिळाली नाही, तर तो सीलमधून तेल बाहेर ढकलतो. त्यातील वाफ व काजळी तेलात मिसळून चिकट गाळ जमतो. गळतीने तेलाची पातळी उतरली आणि गाळाने तेलाचे मार्ग तुंबले, म्हणजे बेअरिंग कोरडे पडून जळतात. एखादा भाग अतिशय तापला, तर तेलाची वाफ होऊन तिचे धुके पेटण्याचाही धोका असतो. मोठ्या सागरी एंजिनांत तो विशेष. १९४७ साली ‘रेना देल पॅसिफिको’ या जहाजाच्या चाचणीत, बेलफास्टजवळ, अशाच स्फोटांनी २८ माणसे दगावली.

जुन्या वाहनांत ही नळी, कारागिरांच्या भाषेत ब्रीदर, गाडीखाली उघडी सोडलेली असे. वाहन धावताना वारा वायू ओढून घेई. परंतु गाडी उभी असता ही ओढ थांबे, आणि नाल्यातून जाताना त्याच नळीतून पाणी शिरण्याचे भय असे. शिवाय सारी घाण हवेत मिसळे. म्हणून पेट्रोल एंजिनांत हा वायू झडपेतून परत आगमनमार्गात नेऊन जाळण्याची पद्धत रूढ झाली. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मोटारींपासून ती आवश्यक करण्यात आली. डिझेलमध्ये हवा रोखणारी झडप सहसा नसल्याने आगमनमार्गातील ओढ क्षीण असते. तेथे तेलाचे थेंब वेगळे करणारी गाळणी बसवून मगच वायू आत सोडावा लागतो.

ब्रीदरमधून निघणारा धूर म्हणूनच कारागिरास बोलका वाटतो. तो हलका असेल तर चिंता नाही; भपकारे येऊ लागले, तर रिंगांची तपासणी जवळ आली असे समजावे. अशा वेळी तेल सांडते म्हणून नळीचे तोंड बोळ्याने बुजवणे हा घातक उपाय होय. दाब नाहीसा होत नाही, तो केवळ दुसरी, अधिक महागडी वाट शोधतो. एंजिनाचा निःश्वास कोंडण्यापेक्षा त्याचे कारण शोधणे, हेच शहाणपणाचे.