गच्चीवरची बैठक आणि मधुमेहाची गोळी

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात दवाखान्यात एक नेहमीचे गृहस्थ आले. रक्तदाब पाहून झाला, गोळ्या लिहून दिल्या, तरी उठेनात. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पुतण्या अमेरिकेहून येतोय. बर्बन का काय म्हणतात ती बाटली आणणार आहे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सगळे भाऊ, मेहुणे, जावई गच्चीवर बसणार. तो म्हणतो, कॉकटेल करू. कोणतं केलं तर त्रास कमी?"

मला हसू आले. पण विचार केला की हा माणूस निदान विचारतो तरी आहे! बाकीचे दुसऱ्या दिवशी डोके धरून येतात. 'घेऊ नका' हे माझे उत्तर ठरलेलेच आहे. दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्टच सांगितले. तरीही बैठका होतातच. म्हणून त्यांना जे सांगितले ते वाचकांनाही सांगतो.

बर्बन म्हणजे अमेरिकी व्हिस्की. तिच्या धान्यात निदान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवतात. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीतले मद्यार्क बहुतेक वेळा उसाच्या मळीचे असते. मळी म्हणजे काय, हे प्रवरानगरच्या जिल्ह्यात सांगायला नको. पण यकृताला मका आणि ऊस यांतला फरक कळत नाही. मद्यार्क तेच. फरक एवढाच की गडद रंगाच्या दारूत इतर घटक जास्त असतात, त्यामुळे सकाळचे डोके जास्त ठणकते.

खरा प्रश्न मापाचा. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असते. म्हणजे ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम. एवढे संपवायला यकृताला तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. लिंबू, ताक, काळी कॉफी, डोक्यावर गार पाणी, कशानेही हा वेग वाढत नाही. एका क्वार्टरमध्ये असे सहा पेग बसतात. आणि 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्यांनी ऐकावे. स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत साडेतीन ते चार लहान पेगांइतके मद्यार्क असते. शिवाय घरात पेगचे माप नसते, 'दोन बोटे' असतात, आणि रात्र चढेल तशी बोटेही जाड होत जातात.

आता कॉकटेल. ओल्ड फॅशन्ड म्हणून जे करतात त्यात मोठा पेग, साखर, कडू अर्काचे थेंब आणि बर्फ एवढेच. म्हणजे जवळजवळ नुसती व्हिस्की. व्हिस्की सावर लिंबू-साखरेमुळे सरबतासारखे लागते आणि सरबतासारखेच घटाघट जाते. कोलाचेही तेच. गोडव्याने दारूची चव झाकते, दारू नाही. करायचेच असेल तर उंच ग्लासात मोजून ३० मिलिलिटर, वर भरपूर पाणी किंवा सोडा, आणि तो ग्लास तासभर पुरवायचा. पुतण्याला हे फार बेचव वाटेल, वाटू द्या.

पण माझी काळजी वेगळीच होती. मी विचारले, "बसणाऱ्यांत मधुमेहाचे किती?" त्यांनी बोटे मोजली. तीन.

काही वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीनंतर पहाटे पाचला मला बोलावणे आले. साठीच्या आतले गृहस्थ, मधुमेहाची गोळी चालू. संध्याकाळी गोळी घेतलेली, मग तीन पेग, सोबत मूठभर शेंगदाणे. जेवण बाराला वाढले तेव्हा हे पेंगत होते. बोलणे अडखळत होते, अंगाला घाम होता. सगळे म्हणाले, चढली आहे. आडवे केले. पत्नी दोनदा उठवायला गेली, तर "झोपू द्या वहिनी" म्हणून तिलाच परत पाठवले. मी पाहिले तेव्हा रक्तातील साखर २८ होती. शिरेतून ग्लुकोज दिले आणि नगरला हलवले. जीव वाचला. पण चाळीस वर्षे दुकानाच्या वह्या लिहिणारा हा माणूस आज साधी बेरीज चुकतो.

असे का होते? पोट रिकामे असले की साखर पुरवण्याचे काम यकृत करते. दारू आली की ते तिच्यामागे लागते आणि नवी साखर करणे थांबवते. इकडे ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने किंवा इन्सुलिनने साखर उतरतच असते. घसरण कधी कधी काही तासांनी, झोपेत होते. आणि लक्षणे हुबेहूब दारू चढल्यासारखीच असतात. म्हणून मधुमेही माणूस बरळू लागला तर आधी बोटातले रक्त तपासा. शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नका. ते फुप्फुसात जाते. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

झोपेच्या गोळ्या, फिटच्या गोळ्या, दुखण्यावरच्या गोळ्या आणि जुलाबावर सर्रास घेतली जाणारी मेट्रोनिडाझोल, यांतले काही चालू असेल त्याने त्या रात्री ग्लासाला हात लावू नये.

गच्चीवर सकाळी राहिलेल्या अर्ध्या ग्लासांकडेही पाहा. त्यात कोला दिसला की लहान मूल पिणारच, आणि थोड्याशा दारूनेही त्याची साखर धोक्याइतकी उतरते. सर्दीला बाळाला चमचाभर ब्रँडी देणाऱ्या आज्यांनाही माझे हात जोडून हेच सांगणे आहे.

कोणी 'स्वस्तात मिळाली' म्हणून बाटली आणली तर ती उघडूच नका. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर तालुक्यातल्या पांगरमलला निवडणुकीच्या जेवणात बनावट दारूने माणसे गेली. अशा दारूत मिथेनॉल असते. पहिले काही तास काहीच कळत नाही, मग पोटात दुखते, धाप लागते, नजर धूसर होते. तेव्हा मिनिटेही मोलाची असतात. गाडीबद्दल एवढेच, की कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. तिचा हिशेब करत बसण्यापेक्षा मेहुण्यांच्या अंथरुणाची सोय करा.

दिवाळीनंतर ते गृहस्थ परत आले. आठ वाजता आधी भाकरी आणि रस्सा वाढला, माप औषधाच्या झाकणाने घेतले, तिघा मधुमेह्यांना लिंबूसोडा दिला म्हणाले. एक मेहुणे रुसले. अर्धी बाटली उरली आहे, ती किती दिवस टिकेल हा त्यांचा नवा प्रश्न होता. बूच घट्ट लावून, उभी, उन्हापासून लांब ठेवली तर वर्षभर सहज, असे मी सांगितले. फक्त कपाटाला कुलूप हवे, कारण नातवंडे अजून आठवडाभर आहेत.