प्रतिमा-मार्गदर्शित इंजेक्शने आणि सांधे-पाठदुखी : उपयोग व मर्यादा

पनवेल, कामोठे, खारघर या पट्ट्यातील गुडघेदुखी वा कंबरदुखीच्या रुग्णापुढे आज गोळ्या आणि शस्त्रक्रिया एवढेच पर्याय नसतात. या दोहोंमधला उपचार म्हणजे यंत्रावर प्रतिमा पाहत दुखऱ्या जागी दिलेले इंजेक्शन. तासन्‌तास उभे राहून शिकविणाऱ्या अध्यापकांनाही हा सल्ला मिळतो. म्हणून त्यामागील शास्त्र समजून घेणे उचित ठरेल.

कल्पना जुनी आहे. १९०१ साली पॅरिसमध्ये सिकार व कातलँ यांनी माकडहाडाच्या बाजूने मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत औषध सोडले. १९५१ मध्ये हॉलंडर यांनी सांध्यात हायड्रोकॉर्टिझोन देण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. तेव्हा हाताने चाचपून सुई घातली जाई आणि खुब्यासारख्या खोल सांध्यात ती चुकण्याचा संभव मोठा असे. आता सोनोग्राफीवर स्नायू, रक्तवाहिन्या व सुई एकाच वेळी दिसतात. ध्वनिलहरी हाडापलीकडचे दाखवू शकत नाहीत. त्यामुळे मणक्यांसाठी बहुधा सी-आर्म हे क्ष-किरण यंत्र वापरतात. तेथे आधी क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य थोडे सोडून पाहतात. ते रक्तवाहिनीत वाहून गेल्यास सुईची जागा बदलावी लागते, कारण मानेतील धमनीत स्टेरॉइडचे कण शिरल्यास पक्षाघात होऊ शकतो.

सोनोग्राफी यंत्राला महाराष्ट्रात आणखी एक संदर्भ आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये याच राज्याने केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. परिणामी केवळ गुडघा पाहण्यासाठी ठेवलेल्या यंत्राचीही नोंदणी लागते. सी-आर्मसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आवश्यक असते. रुग्णाने याविषयी विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

सुई कोठे पोहोचली हे प्रतिमा सांगते. वेदना तेथूनच निघते का, हे मात्र ती सांगत नाही. वेदना नसलेल्या ३,११० व्यक्तींच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतील ३७ टक्के, तर ऐंशीच्या वयातील ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतील गाद्या झिजलेल्या आढळल्या. केवळ एमआरआयचा अहवाल पाहून इंजेक्शन ठरविणे म्हणूनच शास्त्रीय नव्हे. लक्षणे, तपासणी आणि अहवाल यांचा मेळ बसावा लागतो.

औषधाच्या परिणामालाही सीमा आहेत. गादी सरकून पायात कळ जाणाऱ्या रुग्णास काही आठवडे आराम मिळू शकतो. मणक्याची नलिका अरुंद झालेल्या ४०० रुग्णांवरील २०१४ च्या चाचणीत मात्र, केवळ बधिरीकरणाच्या औषधाच्या तुलनेत, स्टेरॉइडचा वेगळा लाभ नगण्य ठरला. २०१७ च्या अभ्यासात १४० रुग्णांच्या गुडघ्यांत दोन वर्षे दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड किंवा खारे पाणी दिले गेले. वेदनेत फरक पडला नाही. कूर्चेची झीज मात्र स्टेरॉइडच्या गटात अधिक झाली. ‘दर तिमाहीस एक’ हा क्रम त्यामुळे, निदान प्रस्तुत लेखकास, समर्थनीय वाटत नाही. एखादे इंजेक्शन घेऊन आराम पडलेल्या काळात मांडीच्या व पाठीच्या स्नायूंचा व्यायाम सुरू करणे अधिक हितावह आहे.

मधुमेही रुग्णाची रक्तशर्करा स्टेरॉइडनंतर काही दिवस वाढते, याची पूर्वकल्पना त्यास द्यावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास तसे आधीच सांगावे. ती परस्पर बंद करू नयेत.