मुलांची क्वाड बाईक : ओढ वेगळी, वेग वेगळा

आमच्या वाडीतल्या चढावर भाच्याची 49 सीसीची क्वाड बाईक अर्ध्यावर अडली. इंजिन किंचाळत होतं, चाकं जागची हलत नव्हती आणि क्लचमधून जळका वास येत होता. जमलेल्यांनी लगेच निदान केलं, ‘इंजिनात दम नाही, मोठा कार्ब्युरेटर बसवा.’ पण दम होता. तो चाकापर्यंत पोचत नव्हता.

स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, बदललं की ताकद वाढते, असं बहुतेकांना वाटतं. इंजिनाची ताकद तेवढीच राहते. थोडा वेग सोडायचा आणि त्या बदल्यात ओढ घ्यायची, एवढंच स्प्रॉकेट करतं. गिअरच्या सायकलवर चढ आला की आपण मागचं मोठं चक्र घेतो, तसंच. पुढे 11 दात आणि मागे 44 असतील, तर पुढचं चार वेळा फिरतं तेव्हा मागचं एकदा. पुढे 10 दात लावले की हेच प्रमाण 4.4 होतं, म्हणजे ओढ दहा टक्क्यांनी वाढते आणि टॉप स्पीड साधारण नऊ टक्क्यांनी उतरते. तेवढाच फरक मागच्या बाजूने हवा असेल, तर चार-पाच दात वाढवावे लागतात. म्हणून पुढचा एक दात किरकोळ समजू नका. दुकानातून नवं स्प्रॉकेट आणताना जुनी चेन सोबत न्या. या गाड्यांत 6.35 मिलिमीटर पिचची चेन येते तशी 8 मिलिमीटरचीही, आणि एकीचं स्प्रॉकेट दुसरीला चालत नाही.

‘पळायला हवी, पुढचं मोठं लावा’ हा सल्ला सपाट मैदानावरही महागात पडतो. या गाड्यांना हाताने दाबायचा क्लच नसतो. इंजिनाचे फेरे वाढले की आतले शू बाहेर फेकले जातात आणि ड्रमला धरतात. गिअरिंग जड झालं की फेरे पुरेसे वाढत नाहीत, शू धरता धरता घसरत राहतात आणि तापतात. आम्ही झाकण काढलं तेव्हा ड्रमवर निळसर झाक आलेली होती. नवे शू बसवले, पुढे एक दात कमी केला, आणि त्याच चढावर गाडी न अडता वर गेली. कार्ब्युरेटरला हातही लावला नाही.

त्याआधी मात्र दोन गोष्टी पाहिल्या होत्या. मागची चाकं उचलून हाताने फिरवली, कारण घासणारा ब्रेक किंवा ताणलेली चेनसुद्धा ताकद खाते. मग इंजिन आयडलवर ठेवलं. तेव्हा चाकं जोरात फिरत असतील तर आयडल कमी करायलाच हवा. नाहीतर मुलाने रेस दिली नसतानाही गाडी पुढे सरकते.

आता रेसच्या डबीवरचा तो छोटा स्क्रू. तो आत फिरवला की अंगठ्याचा लिव्हर कमी दाबला जातो आणि वेगाला मर्यादा पडते. ‘मूल सरावलं, काढून टाका’ असं सर्रास सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. या गाड्यांत मागची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर असतात, डिफरन्शियल नसतो. वळताना आतलं चाक घसरावंच लागतं आणि स्वाराला अंग वळणाच्या बाजूला झुकवावं लागतं. सहा-सात वर्षांच्या मुलाचं वजन आणि समज त्याला पुरत नाही. अमेरिकेतल्या मानकानुसार सहा वर्षांवरच्या मुलांसाठीची क्वाड मर्यादा लावलेली असताना ताशी 16 किलोमीटर आणि मर्यादा काढल्यावरही 24 किलोमीटरच्या पुढे जाता कामा नये. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर 16 वर्षांखालील मुलांनी क्वाड चालवूच नये, असं सांगते.

‘गल्लीत एक फेरी मारली तर काय होतं?’ असंही विचारतात. 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भाच्याची गाडी कुंपणाच्या आतच फिरते, आणि तो स्क्रू घट्ट बसवून त्याच्या नटवर मी रंगाचा एक ठिपका लावून ठेवला आहे. कुणी फिरवला तर लगेच दिसतं.