विश्लेषण : ‘उष्ण-थंड’ आणि यिन-यांग… शरीराचा तोल घरच्या घरी कुठवर सांभाळता येतो?

तोंड आले की ‘उष्णता वाढली’, सर्दी झाली की ‘थंड खाल्ले असेल’. गिरगावातल्या चाळीपासून लालबागच्या टॉवरपर्यंत हे निदान घरोघरी होते. चीनमधल्या घरांतही जवळपास हेच ऐकू येते. तिथे त्यामागे यिन आणि यांग यांच्या समतोलाची कल्पना आहे. ती रोजच्या जगण्यात किती उपयोगी आणि कुठे धोक्याची?

यिन-यांग म्हणजे काय?

यिन म्हणजे मुळात डोंगराची सावलीतली बाजू आणि यांग म्हणजे उन्हातली. डोंगर एकच, पण सूर्य सरकतो तशी सावली आणि ऊन जागा बदलतात. थंडावा, रात्र, विश्रांती, ओलावा हे यिन. उष्णता, दिवस, हालचाल, कोरडेपणा हे यांग. यातले एक चांगले आणि दुसरे वाईट असे नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथापासून चिनी वैद्यक आजाराकडे या दोहोंचा बिघडलेला तोल म्हणून पाहत आले आहे. वैद्य नाडी आणि जीभ तपासतो, मग आहार, वनौषधी किंवा सुया टोचण्याचा उपचार, म्हणजे ॲक्युपंक्चर, सुचवतो.

आपल्या उष्ण-थंडाशी त्याचे साम्य किती?

बरेच. तोंड येणे, घसा दुखणे, पुटकुळ्या उठणे याला चिनी बोलीत ‘शांगहुओ’, म्हणजे आग वर चढणे, म्हणतात. त्यावर मूग, कलिंगड, शेवंतीच्या फुलांचा चहा दिला जातो. आपल्याकडे सब्जा, ताडगोळे, कोकम सरबत आणि गुलकंद. आले आणि मटण दोन्हीकडे उष्ण. इथे तापमानाचा संबंध नसतो. फ्रिजमधून काढलेला हापूसही आपल्याला ‘उष्ण’च वाटतो. मात्र दोन्ही शास्त्रे एक नाहीत. आयुर्वेद वात, पित्त, कफ असे तीन दोष मानतो. चिनी वैद्यक यिन-यांगच्या जोडीला लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी ही पाच तत्त्वे मांडते.

आधुनिक विज्ञान काय म्हणते?

शरीर तोल सांभाळते, हे विज्ञानालाही मान्य आहे. तापमान, रक्तातली साखर, क्षार यांवर शरीराचे सतत नियंत्रण असते. पण यिन किंवा यांग मोजता येईल अशी कोणतीही चाचणी नाही. त्यामुळे ही कल्पना सवयी लावायला चांगली, रोग ओळखायला अपुरी.

मुंबईच्या दमट हवेत घाम सहज वाळत नाही. अशा वेळी मीठ घातलेले ताक किंवा कोकम सरबत पाणी आणि क्षार भरून काढते. ते ‘थंड’ मानले काय किंवा न मानले काय, उपयोग होतोच. झोपेचेही तसेच. एके काळी गिरणगाव पाळ्यांवर चालायचे. आज त्याच परळमधल्या कार्यालयांत कित्येक जण रात्रपाळी करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आहे. रात्र विश्रांतीसाठी राखावी, हा जुना सल्ला इथे विज्ञानाशी जुळतो.

परंपरेतले औषध तपासले की काय होते?

याचे उत्तम उदाहरण परळमध्येच आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि १९४९ मध्ये निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. जगभरातल्या डॉक्टरांनी त्याची दखल घेतली. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे या औषधाने काही रुग्णांना नैराश्य येते, हेही लक्षात आले. तपासणीने गुण आणि दोष दोन्ही पुढे आणले.

चीनमध्ये तू योयो यांनी तापावरच्या जुन्या नुस्ख्यांत एक वनस्पती शोधली. चौथ्या शतकातल्या ग्रंथात ती पाण्यात भिजवून पिळायला सांगितले होते, उकळायला नाही. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, हे ओळखून त्यांनी कमी तापमानात अर्क काढला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले, मलेरियाचे लाखो रुग्ण वाचले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

ॲक्युपंक्चर भारतात कसे आले?

परळच्याच जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून चीनला गेले. तिथे त्यांनी जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या. १९४२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू नंतर पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि ते कोलकात्यात घेऊन आले.

महाराष्ट्रात या उपचारासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. दीर्घकाळची कंबरदुखी, गुडघेदुखी, डोकेदुखी यांत काहींना त्याने थोडा आराम मिळतो. मात्र अनेक चाचण्यांत खोट्या सुयांनीही जवळपास तितकाच फरक पडलेला दिसला. करून घ्यायचेच असेल तर उपचारकाची नोंदणी आणि दर वेळी नवी, निर्जंतुक सुई, एवढे जरूर पाहावे.

धोका कुठे आहे?

लक्षणाला ‘उष्णता’ असे नाव दिले की तपासणी लांबते, इथे. ‘उन्हाळी लागली’ म्हणून नुसते धन्याचे पाणी पीत राहिल्यास मूत्रमार्गाचा संसर्ग वाढू शकतो. घाम फुटून छातीत जळजळ होणे हे पित्त नसून हृदयविकाराचा झटका असू शकतो. हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर काही दिवसांत ताप आला, तर तो लेप्टोस्पायरोसिसचाही असू शकतो. काढा घेऊन वाट पाहू नये.

‘वनस्पती म्हणजे निर्धोक’ हाही गैरसमजच. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकात वजन घटवण्यासाठी दिलेल्या चिनी वनौषधींच्या गोळ्यांत चुकीची वनस्पती मिसळली गेली आणि शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडे खराब झाली.

मग घरात काय पाळावे?

ऋतूप्रमाणे खाणे, वेळेवर झोप, कामाबरोबर विश्रांती हे जरूर पाळावे. पण मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांच्या गोळ्या ‘उष्ण पडतात’ म्हणून परस्पर बंद करू नयेत. त्रास होत असेल तर डॉक्टर गोळी किंवा मात्रा बदलून देतात. कोणताही काढा, चूर्ण किंवा चिनी औषध सुरू असेल, तर तेही त्यांना सांगावे. तोंड आलेले दोन-तीन आठवड्यांत बरे झाले नाही, किंवा ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर रक्ततपासणी आणि डॉक्टरांचा सल्ला टाळू नये. पावसाळ्यात तर पहिल्याच दिवशी दाखवलेले बरे.