गुलाबाची किंमत

बाजारात गुलाब दिसतो. ताजा, टवटवीत. पानावर एक डाग नाही. तो कोणी वाढवला, हे आपण विचारीत नाही. आज विचारू या.

आफ्रिकेत केनिया नावाचा देश आहे. तिथे नैवाशा नावाचे मोठे तळे आहे. तळ्याकाठी प्लॅस्टिकच्या छपराची घरे ओळीने उभी आहेत. ही घरे माणसांची नव्हेत, गुलाबांची! इथली फुले विमानाने युरोपात जातात. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया व इक्वेडोर या देशांतूनही फुले अशीच परदेशी जातात. या मळ्यांत बायांचा भरणा मोठा. त्यांना रोजगार मिळतो, हे खरे. पण त्याची किंमत काय?

परदेशात पेटी उघडली आणि तीत जिवंत कीड निघाली, तर माल नाकारला जातो. म्हणून मळ्यात पुन्हा पुन्हा औषध फवारतात. भाजी आपण खातो. तिच्यावर औषध किती राहिले तर चालेल, याची हद्द कायद्याने ठरलेली असते. फूल कोणी खात नाही. त्याला बहुतेक ठिकाणी तशी हद्द नाही.

औषध म्हणतात खरे, पण ते विषच. ते कातडीतून आणि श्वासातून अंगात जाते. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, घाम सुटतो, डोळ्यांना अंधुक दिसते. बाई म्हणते, "ऊन लागलं असंल," आणि तशीच कामाला जाते. विष जास्त गेले तर श्वास कोंडून माणूस दगावतो.

पोटातल्या बाळालाही हे विष सोडीत नाही. इक्वेडोरमध्ये संशोधकांनी शाळेतली मुले तपासली. काही मुले पोटात असताना त्यांच्या आया फुलमळ्यात कामाला होत्या. आकृती पाहून तशीच काढण्यात ही मुले मागे पडली. हे संशोधन २००६ साली छापले गेले.

ही गोष्ट परक्यांचीच नाही. आपल्या पुणे जिल्ह्यात, मावळात तळेगावच्या बाजूस, गुलाबाची पॉलिहाऊस आहेत. तिथलेही गुलाब परदेशी जातात.

मग करावे काय? फवारणी झाल्यावर, लेबलावर लिहिलेला वेळ गेल्याशिवाय आत जाऊ नये. हातमोजे आणि तोंडाला योग्य मास्क मालकाकडे मागावा. जेवणापूर्वी साबणाने हात धुवावे. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. त्रास झाला तर कपडे बदलावे, अंग धुवावे, आणि औषधाचे लेबल घेऊन लगेच डॉक्टरकडे जावे.

एकटीने मागितले तर मुकादम ऐकत नाही. सगळ्याजणींनी मिळून मागितले तर ऐकावे लागते. केनियात मळेकामगारांची युनियन आहे. ती मालकांच्या संघाशी बसून मजुरीचा करार करते.

आणि एक. आपल्याकडे औषधाच्या डब्यावर रंगीत खूण असते. लाल खूण म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याखालोखाल पिवळी, मग निळी, मग हिरवी. हिरवी खूण असली तरी ते विषच. खुणेबरोबर मजकूरही छापलेला असतो. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तो मजकूर आधी वाचा, शेजारणीला वाचून दाखवा, मगच कामाला हात घाला.