वाय-फाय फुल दिसतंय, तरी नेट का जातं? नवा राउटर घेण्याआधी हे तपासा

ऑनलाइन इंटरव्ह्यू सुरू असतो आणि समोरच्याचा चेहरा स्क्रीनवर गोठतो. "आवाज येतोय का?" असं तीनदा विचारेपर्यंत कॉल कट झालेला असतो. दोन मिनिटांत नेट परत येतं. कंपनीकडे तक्रार केली की दुसऱ्या दिवशी माणूस येतो, स्पीड टेस्ट करतो, आकडा चांगला येतो. "सगळं ओके आहे" म्हणत तक्रार बंद. तो जिना उतरत नाही तोच नेट पुन्हा गायब!

पूर्ण बंद पडलेलं नेट दुरुस्त करणं त्या मानाने सोपं. सतत ये-जा करणारं नेट जास्त छळतं, कारण तपासायला गेलं की बिघाड सापडतच नाही. मग लोक अंदाजाने पैसे घालतात. कुणी ५० एमबीपीएसचा प्लॅन १०० चा करतं, कुणी नवा राउटर आणतं. पण प्लॅनचा आकडा फक्त वेग सांगतो. नेट मध्येच तुटत असेल, तर मोठ्या प्लॅनने ते थांबत नाही.

नेट तुटतं नेमकं कुठे?

घरातलं नेट साधारण तीन टप्प्यांतून येतं. पहिला, मोबाइल ते राउटर, म्हणजे वाय-फाय. दुसरा, राउटरपासून बाहेर जाणारी फायबर किंवा केबल. तिसरा, कंपनीचं नेटवर्क. मोबाइलवरचं वाय-फायचं चिन्ह मुख्यतः पहिल्या टप्प्याची ताकद दाखवतं. म्हणून ते फुल असूनही नेट बंद असू शकतं.

रीस्टार्ट करायची घाई नको

राउटर बंद-चालू केला की पुरावाही पुसला जातो. त्याआधी एक छोटी चाचणी करा. मोबाइल डेटा बंद करा आणि ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो राउटरच्या मागच्या स्टिकरवर असतो, बऱ्याचदा १९२.१६८ ने सुरू होतो. (आकडे इंग्रजीत टाइप करायचे.)

राउटरचं पान उघडलंच नाही, तर गडबड वाय-फायमध्ये किंवा खुद्द राउटरमध्ये आहे. पान लगेच उघडलं, पण बाकी काहीच चालत नाही, तर बिघाड राउटरच्या पुढे आहे.

वाय-फायची गडबड असेल तर

२.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल लांबवर जातो, पण सोसायटीतल्या सगळ्या राउटरची तिथे गर्दी असते. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो. राउटरजवळ बसून काम करत असाल तर ५ गिगाहर्ट्झ निवडा. तो भिंतींपलीकडे लवकर कमजोर होतो. २.४ वरच राहायचं असेल तर सेटिंगमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल लावा. हे तीन एकमेकांत मिसळत नाहीत. आणि राउटर कपाटात, टीव्हीमागे कोंबू नका.

गडबड राउटरच्या पुढे असेल तर

फायबरच्या डब्यावरचा 'एलओएस' दिवा पाहा. तो लाल झाला, म्हणजे बाहेरून येणारा प्रकाशाचा सिग्नलच पोहोचत नाहीये. फायबर काचेची असते. दाराच्या फटीत दबली किंवा खिळ्याभोवती करकचून वळली, तरी सिग्नल कमजोर होतो. वायर ओढून सरळ करायला जाऊ नका, कंपनीला बोलवा.

डबा अचानक आपोआप सुरू होत असेल, तर अडॅप्टर, सैल प्लग किंवा क्षणभर जाणारी लाइट यांवर संशय घ्या. व्हॉट्सअॅप चालतंय पण वेबसाइट उघडत नाहीत, असं असेल तर डीएनएस बदलून पाहा. गुगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ मोफत आहे.

वही ठेवा, वाद मिटवा

चार-पाच दिवस नोंद करा: नेट कधी गेलं, किती मिनिटं, कोणता दिवा लाल होता, शेजाऱ्याकडेही त्याच कंपनीचं नेट गेलं होतं का. सोबत दिव्यांचे फोटो काढा. रोज रात्रीच जात असेल तर कंपनीच्या नेटवर्कवरचा ताण, पावसात जात असेल तर बाहेरची वायर किंवा जोड, असा माग लागतो.

तक्रार करताना हीच नोंद द्या आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. उत्तर न पटल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्रायच्या नियमांनुसार ही सोय ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. मग माणूस आला आणि त्याच वेळी नेट सुरळीत असलं, तरी "सगळं ओके आहे" म्हणून तक्रार बंद करणं त्याला सोपं जाणार नाही.